फोन गेला, त्यासोबत काय काय गेलं

कुणी भाकऱ्या थापत ऐकत असाल, कुणी शेतातून येऊन नुकत्याच टेकला असाल. आज आम्ही आमच्याच गटात घडलेली गोष्ट सांगणार आहोत. आमच्या सचिवताईंनी स्वतः सांगितलं, "माझं नाव घेऊ नका, पण सगळं सांगा."

सोमवारच्या बाजारात ताई गटाच्या पापड-कुरडयांसाठी प्लास्टिकच्या पिशव्या आणायला गेल्या होत्या. फोन कापडी पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी. साडेअकराच्या सुमारास पैसे द्यायला हात घातला, तर फोन नाही. पिशवीवाल्याच्या फोनवरून रिंग दिली. दोनदा वाजली, तिसऱ्यांदा कुणीतरी कट केली.

ताई घरी आल्या, स्वयंपाक केला, जनावरांना पाणी दाखवलं, आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. का, ते तुम्हाला सांगायला नको. "तुला कशाला हवा होता एवढा फोन?" हे ऐकायची भीती. संध्याकाळी पाचला आमच्यापैकी एकीकडे आल्या आणि रडायला लागल्या.

तोवर त्यांच्या खात्यातून ९,००० रुपये गेले होते. दुपारी दोनला ५,०००, चारनंतर ४,०००. पिन चोराला कसा कळला? विसरायला नको म्हणून ताईंनी तो चिठ्ठीवर लिहून फोनच्या कव्हरमागे ठेवला होता. हसू नका. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आपापली कव्हरं काढली, तर आणखी तिघींच्या चिठ्ठ्या निघाल्या.

पिन आपल्या चुकीनं बाहेर गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. म्हणजे ताईंनी बाजारातूनच, त्याच पिशवीवाल्याच्या फोनवरून बँकेला कळवलं असतं, तर ते ९,००० वाचले असते. पुरावा म्हणून तक्रारीचा नंबर मात्र मागून घ्यायचा, तो लिहून ठेवायचा.

त्याच संध्याकाळी ताईंच्या नंबरवरून गटातल्या बायकांना व्हॉट्सअॅप आलं, "दवाखान्यात आहे, २,००० पाठव." एकीनं पाठवलेही. चोर नव्हे, ताईच मागतायत असं तिला वाटलं, तिची काय चूक? तेव्हा आम्ही १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा हा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढं जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आता सिमकार्ड बंद करायचं होतं, आणि खरी अडचण तिथं होती. कंपनीच्या माणसानं विचारलं, सिम कुणाच्या नावावर आहे? ते होतं ताईंच्या दिरांच्या नावावर. ते चाकणला कंपनीत कामाला. त्यांनी रात्री स्वतः फोन करून सिम बंद केलं. पण त्याच नंबरचं नवं सिम काढायला ज्याच्या नावावर आहे तोच माणूस समोर लागतो. दीर रविवारी सुट्टीला आले, तेव्हा सिम मिळालं. तोवर सहा दिवस ताईंचा नंबर म्हणजे कुलूप लावलेलं घर. बँकेचा ओटीपी नाही, आधारचा नाही.

सिम मिळालं तरी पहिल्या दिवशी मेसेज येईनात. ताई पुन्हा घाबरल्या. पण नवं सिम सुरू झाल्यावर सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद ठेवतात, तेव्हा थांबायचं. सोमवारी व्हॉट्सअॅप सुरू केलं. आपण आपल्या फोनवर कोड टाकला की चोराकडचं आपोआप बंद होतं.

जीमेल मात्र गेलं ते गेलंच. पासवर्ड ताईंना माहीतच नव्हता. तालुक्याच्या मोबाईल दुकानातल्या पोरानं खातं काढून दिलं होतं. जन्मतारीख त्यानं त्याच्या मनानं टाकली होती आणि पर्यायी नंबर स्वतःचा दिला होता. तो पोरगा आता तिथं नाही. गूगल जे विचारतं, त्यातलं एकही उत्तर आमच्याकडे नाही. त्या खात्यात गिऱ्हाइकांचे नंबर होते, दिवाळीच्या ऑर्डरी होत्या, दोन वर्षांच्या हिशेबाच्या पानांचे फोटो होते. हिशेबाची वही कपाटात होती म्हणून गट वाचला. गटाच्या खात्यालाही धक्का लागला नाही, कारण ते दोन सह्यांशिवाय चालत नाही. दोन सह्यांचा कंटाळा येतो म्हणणाऱ्या आमच्यातल्या काहीजणी तेव्हापासून गप्प आहेत.

पुढच्या बैठकीत आम्ही बचत गोळा करायच्या आधी एकच प्रश्न विचारला, तुझं सिम कुणाच्या नावावर? बारा जणींपैकी सात जणींचं नवरा, मुलगा, दीर यांच्या नावावर. एकीचं तर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. फोन आपला, अंगठा आपला आणि नंबर दुसऱ्याचा! आता एकेक जण सिम स्वतःच्या नावावर करून घेतेय. ज्यांचा आधारला जोडलेला नंबर कायमचा गेलाय, त्यांनी आधार केंद्रावर स्वतः जावं. नवा नंबर अंगठ्यावर जोडून मिळतो, त्याला जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत नाही.

फोनला कुलूप लावलं की झालं, असंही नाही. चोर सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो आणि तुमचे ओटीपी त्याला मिळतात. म्हणून सिमलाही वेगळा पिन असतो, तो लावून घ्या. पण जाणकाराला शेजारी बसवून, कारण तीनदा चुकला की सिम अडकतं.

आणि फोनवर आत्ताच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा. १५ आकड्यांचा नंबर येईल, तो गटाच्या वहीत उतरवा. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार द्यायची, आणि त्या तक्रारीच्या प्रतीसह हा नंबर सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर भरायचा. मग तो फोन कुठल्याच सिमवर चालत नाही.

ताईंच्या घरी काय झालं, हे तुम्ही विचारणारच. भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोलिसांत मी येतो बरोबर." ९,००० आलेले नाहीत. मैत्रिणीचे २,००० ताई बचतीतून हप्त्यानं फेडतायत. ती नको म्हणत होती, पण ताईंनी ऐकलं नाही.

पुढच्या बैठकीला येताना फोनचं खोकं आणि बिल घेऊन या, चुलीत घातलं नसेल तर. नमस्कार.