मोटारीतील गारव्याची नळी



या व्यासपीठावर आपण संतवाङ्मयावर आणि अर्थकारणावर विद्वानांची भाषणे ऐकत आला आहात. तेथे माझ्यासारख्या कामगार-चळवळीतल्या माणसाने उठून मोटारीच्या एका नळीविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. माझे शिक्षण शाळेत थोडे झाले. उरलेले गॅरेजात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा ज्या विद्येशी माझी ओळख आहे, तीच आपल्यापुढे ठेवतो. शिवाय दिवस उन्हाळ्याचे आहेत; गारव्याची गोष्ट ऐकावयास कोणाची हरकत नसावी.

उदाहरणासाठी मी जर्मनीतील पोर्शे कंपनीची 911 ही गाडी घेतो, 1980च्या सुमाराची. श्रीमंतांची गाडी आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिच्यात इंजीन मागे आणि थंड हवेची कॉइल पुढे, त्यामुळे गॅसची नळी गाडीभर फिरते. आजार समजून घ्यायचा तर रोगी असा लांबलचक असलेला बरा.

मागे इंजिनावर कॉम्प्रेसर बसविलेला असतो. तो गॅस दाबून तापवितो. तेथून गॅस इंजिनाच्या झाकणावरील जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जातो. मग पुढच्या बंपराखालील दुसऱ्या कंडेन्सरमध्ये. तेथे त्याचा द्रव होतो. पुढे ओलावा शोषणारा ड्रायर, मग एक्स्पान्शन वॉल्व्हचे बारीक छिद्र. त्यातून बाहेर पडताच दाब उतरतो, द्रव उकळतो आणि कॉइलची उष्णता ओढून घेतो. हा झाला गारवा. नंतर तोच गॅस लांब नळीतून पुन्हा मागे कॉम्प्रेसरकडे. एवढ्या प्रवासात कोठे रबर, कोठे अॅल्युमिनियम, आणि जागोजागी सांधे. झाकण उघडताना मागची नळी वाकते, इंजिनाची धग तिला लागते. पुढच्या सांध्यांवर रस्त्याचे पाणी आणि थंड देशात बर्फावर टाकलेले मीठ उडते. चाळीस वर्षांनी नळी तुटली तर तिला दोष कसा द्यावा?

गॅस दिसत नाही. पण त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरचे तेल फिरते आणि गळतीच्या जागी ते बाहेर येते. त्यावर धूळ बसून काळा ओशट डाग पडतो. जाणता फिटर आधी गेज लावीत नाही. दिवा घेऊन गाडीखाली जातो आणि तो डाग शोधतो.

पूर्वी यासाठी हॅलाइडचा दिवा वापरीत. जुना गॅस, म्हणजे आर-12, त्या ज्योतीत ओढला गेला की ज्योत हिरवी होई. युक्ती नामी होती. पण त्यात माणसाचा विचार नव्हता. 1930 साली अमेरिकेत थॉमस मिज्ली या शास्त्रज्ञाने रसायनतज्ज्ञांच्या सभेत हा गॅस छातीत भरून घेतला आणि बाहेर सोडून मेणबत्ती विझविली. विषारी नाही, पेटत नाही, हे त्याला दाखवावयाचे होते. ते खरेच होते. पण हाच गॅस ज्योतीत सापडला तर त्यातून आम्लांच्या वाफा आणि फॉस्जीनचा अंश निघतो. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धातला विषारी वायू. भोपाळच्या कारखान्यात डिसेंबर 1981 मध्ये एक कामगार त्याच विषाने दगावला. जगाने भोपाळचे नाव ऐकले ते त्यानंतर तीन वर्षांनी. गॅरेजात फॉस्जीन अगदी अल्प निघे, हे मान्य. पण बंद शेडमध्ये दिव्यावर वाकलेले नाक कोणाचे होते, हे कोणी विचारले नाही.

आता दुरुस्ती. प्रथम उरलेला गॅस यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये घ्यावा. नट ढिला करून तो सोडून देणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे, आणि ती दोन कारणांनी वाईट आहे. एक म्हणजे, आर-12 उणे 30 अंशांच्या आसपास उकळतो. तो डोळ्यांत उडाला तर डोळा गोठतो. इंजीन बंद असले म्हणून नळी निर्धोक नसते. नव्या आर-134ए गॅसचा दाब 40 अंशांच्या उन्हात टायरातील हवेच्या चौपटीहून अधिक असतो. दुसरे कारण आकाशातले. आर-12 ओझोनचा थर खातो, हे रोलंड आणि मोलिना यांनी 1974 साली सांगितले. 1987 साली माँट्रियलचा करार झाला आणि 1992 साली भारत त्यात आला. आर-134ए ओझोनला धक्का लावीत नाही, पण हवा तापविण्यात तो कार्बन डायॉक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. तेव्हा तोही मोकळा सोडण्याजोगा नाही.

मग नट. अॅल्युमिनियमचा नट अॅल्युमिनियमच्या आट्यांवर वर्षानुवर्षे बसला की गंजून एकजीव होतो. येथे दोन पाने लागतात. एकाने सांधा धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकच पाना लावून जोर केला तर नटाबरोबर नळीही पिळते आणि चांगला भाग तुटतो. तुटलेल्या नळ्यांपैकी कितीतरी अशा, दुरुस्तीतच तुटलेल्या असतात. आणि याचे कारण नेहमी अडाणीपणा नसते. हेल्परला दुसऱ्या कामावर पाठविलेले असते, आणि दुसरा पाना धरायला हात नसतो.

धातूची नळी चिरली असेल तर आर्गन वेल्डिंग उत्तम. ब्रेझिंगही होते, पण त्याला निराळा हात लागतो. लोखंड तापले की लाल होते आणि कारागिराला इशारा देते. अॅल्युमिनियम इशारा देत नाही. रंग न बदलता 660 अंशांच्या सुमारास एकदम वितळून खाली पडते. जोडाची कांडी वितळते 580च्या आसपास. मधल्या त्या थोड्याशा अंशांत काम साधायचे, तेही डोळ्यांना काही दिसत नसताना! याला अकुशल काम म्हणणाऱ्या मालकाला मी एकदा ती कांडी हातात धरायला सांगणार आहे.

रबरी नळीला तार किंवा क्लिप आवळून भागत नाही. यंत्राने दाबलेली टोपीच हवी. आर-12च्या काळातले रबर नव्या गॅसला धड अडवीत नाही, म्हणून गॅस बदलायचा तर आत नायलॉनचा थर असलेली नळी घ्यावी. तेलही बदलावे लागते, कारण जुने खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. ओ-रिंगा आणि ड्रायर नवे.

जोड झाला की नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने तपासावा. ऑक्सिजन कदापि भरू नये. तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. मग व्हॅक्यूम पंप लावावा. हवा ओढली गेली की आतले पाणी नेहमीच्या उष्णतेलाच उकळून निघून जाते. समुद्रकाठच्या गावी काटा 29 इंचांपाशी जातो. पुण्याच्या उंचीवर तो दोनेक इंच अलीकडे थांबतो, म्हणून पंप बिघडला असे नव्हे. पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का, ते पाहत बसावे.

या पाहत बसण्याचे पैसे कोणी देत नाही. माझे भांडण येथे आहे. गिऱ्हाईक म्हणते, “गॅस भरून द्या.” मालक गॅसचे बिल करतो. डाग शोधण्यात गेलेले दोन तास, काट्याकडे पाहण्यात गेलेला अर्धा तास, हे बिलात येत नाही आणि फिटरच्या मजुरीतही येत नाही. मग तो गळक्या नळीत गॅस भरून मोकळा होतो. पुढच्या उन्हाळ्यात गाडी परत येते आणि पुन्हा गॅसचे बिल होते. ज्या गॅरेजात तासावर मजुरी द्यावयास लावली, तेथे गळती सापडू लागली, हे मी पाहिले आहे. बिलात शोधाईची वेगळी ओळ असावी, अशी आमची मागणी आहे. आपण गिऱ्हाईक म्हणून ती ओळ मागितलीत, तर आमचे निम्मे काम होईल.

टेबलावर नळीचे काही तुकडे मांडले आहेत: एक पिळून तुटलेला, एक गंजलेला, आणि एक नीट जोडलेला. जोड कोठे आहे तो बोटाने चाचपून पाहावा. मुलांनाही पुढे येऊ द्या.