मुकुटाचा राखणदार



उत्खनन आणि भुताटकी म्हटलं की इजिप्तच्या ममी डोळ्यांपुढे येतात. मी आज बोलणार आहे ते मात्र इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा चित्रपटाबद्दल. 'अ वॉर्निंग टू द क्युरिअस' हे त्याचं नाव. दिग्दर्शक लॉरेन्स गॉर्डन क्लार्क. बीबीसीनं २४ डिसेंबर १९७२ रोजी, नाताळच्या आदल्या रात्री, तो दाखवला. लांबी अवघी ५० मिनिटं.

परचक्र येऊ नये म्हणून पूर्वी या किनाऱ्यावर तीन मुकुट पुरले होते, अशी यातली दंतकथा. त्यांतला एकच आता उरलाय. एजर घराण्यानं पिढ्यान् पिढ्या त्याची राखण केली. शेवटचा विल्यम एजर क्षयानं गेला, मागे वारस नाही. तिथे येतो पॅक्स्टन. नोकरी गेलेला कारकून, पुरातत्त्वाचा नाद असलेला. मुकुट हाती लागला तर जग आपल्याला ओळखेल, एवढीच त्याची आस. पीटर व्हॉननं हा माणूस असा उभा केलाय की त्याची चोरी दिसत असूनही जीव त्याच्यासाठी तुटतो.

पैसा बेताचा, म्हणून पडद्यावर चमत्कार नाहीत. नॉरफोकमधली पाइनची झाडी, ओहोटीची ओसाड वाळू, आणि लांबवर काळ्या कपड्यांतला एक माणूस. तोही भर दिवसा! एका प्रसंगी पॅक्स्टन आगगाडीत चढतो आणि हमाल डब्याचं दार धरूनच उभा राहतो. त्याला वाटतं, मागून आणखी कुणीतरी चढतंय. एवढंच घडतं, पण अंगावर काटा येतो. पुढे पॅक्स्टन मुकुट होता तिथे परत पुरतो. तरीही त्याला क्षमा नाही.

मूळ कथा एम. आर. जेम्स यांची, १९२५ सालची. जेम्स स्वतः मध्ययुगाचे मोठे अभ्यासक. एका जुन्या हस्तलिखिताच्या आधारे त्यांनी बेरी सेंट एडमंड्सच्या मठाधिपतींच्या कबरींची जागा दाखवली, आणि १९०२-०३ मध्ये खोदल्यावर त्या सापडल्याही. म्हणूनच मला वाटतं, या कथेतली भीती खोदण्याची नाही. ती आहे रात्री, एकट्यानं, कुणाला न सांगता उचलून नेण्याची. सफोकमधल्या रेंडलशॅमला चांदीचा एक मुकुट खरोखर सापडला होता, आणि तो वितळवून टाकला गेला अशी नोंद आहे. काय होतं ते, कुणाचं होतं, हे आता कधीच कळणार नाही. मला ही नोंद चित्रपटातल्या भुतापेक्षा जास्त छळते.

जेम्स १९३६ साली वारले. तीनच वर्षांनी, त्याच रेंडलशॅमजवळ सटन हू इथे, एडिथ प्रिटी यांच्या जमिनीवरचा एक उंचवटा बेसिल ब्राउन यांनी खणला. शाळा लवकर सुटलेला, स्वतःच्या बळावर शिकलेला हा माणूस. मातीत सत्तावीस मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा निघाला. लाकूड कुजलेलं, खिळे मात्र जागच्या जागी. ब्राउननी ते तसेच जागेवर राहू दिले. आतल्या खजिन्यावर प्रिटीबाईंचा हक्क कायद्यानं मान्य झाला, आणि त्यांनी तो सगळाच्या सगळा ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.