हॅम रेडिओ : सुरुवात कुठून करावी?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर बहुधा गीता, आरोग्य नाहीतर गुंतवणूक यांवर बोललं जातं. यंदा समितीने आम्हाला सांगितलं, "तुम्ही गच्चीवर ती तार बांधून काय करता ते एकदा सगळ्यांना सांगून टाका. लोक विचारून विचारून थकले." आम्ही म्हणजे चौघे. एक शाळेत विज्ञान शिकवतात, एकाचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, एक शेती बघतात आणि बोलायला उभा राहिलेला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन शासकीय नोकरीत लागलेला. दोघांकडे परवाना आहे, दोघांचे अर्ज पडताळणीत आहेत. म्हणून जे सांगतो ते चौघांच्या वतीने.

हॅम रेडिओ म्हणजे स्वतःच्या घरून, स्वतःच्या यंत्रावरून, सरकारी परवान्याने दुसऱ्या परवानाधारकाशी बिनतारी बोलायचं. त्यात पैसा कमवायचा नाही, धंद्याची बोलणी करायची नाहीत, गाणी लावायची नाहीत, राजकारण नाही. समाजाची आरती "लाइव्ह" ऐकवता येईल का, असं दोन जणांनी विचारलं. नाही येणार.

लगेच पुढचा प्रश्न येतो, की मोबाइल असताना हे कशाला? मोबाइलवरून आपण पुण्याच्या मुलाशी बोलतो तेव्हा मध्ये टॉवर असतो, टॉवरला वीज लागते, मागे केबल असते, तिच्यामागे कंपनी असते. यातलं एक तुटलं की बोलणं संपलं. हॅमकडे एक सेट, एक बॅटरी आणि दोन झाडांमध्ये ताणलेली तार असते. मधलं काम आकाश करतं. जमिनीपासून शे-तीनशे किलोमीटर वर हवेचा जो विद्युतभारित थर आहे त्यावरून ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी परत खाली येतात. दिवसा त्या इथून पुण्या-मुंबईच्या अंतरावर उतरतात आणि रात्र चढली की आणखी लांब जातात. आपल्यातल्या ज्येष्ठांना हे नवीन नाही. रेडिओ सिलोन माळव्यात बसून ऐकलंत, ते याच थरामुळे. फरक इतकाच की तेव्हा आपण नुसतं ऐकत होतो.

किल्लारीचा भूकंप १९९३ चा, भुजचा २००१ चा. दोन्ही वेळी हॅम लोक सेट घेऊन गेले आणि निरोप पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद नावाच्या बाई हॅम प्रसारणासाठी अंदमानला गेल्या होत्या. त्या तिथे असतानाच २६ तारखेला सुनामी आली. मौजेसाठी नेलेला सेट मग बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवायला लागला.

आम्हाला मात्र भूकंपापेक्षा जत्रा जवळची वाटते. गंगासागरच्या मेळ्यात पश्चिम बंगाल रेडिओ क्लबचे लोक हरवलेली माणसं घरी पोचवतात. म्हातारी माणसं, ज्यांना गावाचं नाव नीट सांगता येत नाही, त्यांची माहिती रेडिओवरून त्या त्या राज्यातल्या हॅमपर्यंत जाते आणि कोणीतरी घर शोधून काढतं. आता २०२८ चा सिंहस्थ उज्जैनला आहे. उज्जैन आपल्या अंगणात. मागच्या सिंहस्थात ५ मे २०१६ ला वादळ आलं, मंडप कोसळले, माणसं दगावली. एवढ्या गर्दीत मोबाइलचं काय होतं ते पर्वस्नानाला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमची इच्छा अशी, की तोवर आपल्या तहसिलीतून निदान दहा परवानाधारक तयार व्हावेत आणि प्रशासनाला सांगता यावं, की आम्ही आहोत. परवान्याच्या कामाला लागणारा वेळ धरला तर सुरुवात याच वर्षी करायला हवी.

आता थोडं कडू. विसर्जनाच्या मिरवणुकीत आपल्याच स्वयंसेवकांच्या हातात ऑनलाइन मागवलेले वॉकी-टॉकी दिसतात. दिसायला छान, पण त्यातले बरेचसे परवान्याशिवाय वापरणं बेकायदा आहे. कोणत्या लहरींवर बोलतोय हे वापरणाऱ्याला माहीत नसतं आणि त्या लहरी पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या असू शकतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवर ऑनलाइन दुकानांसाठी नियमच काढले. आपल्याकडे बिनपरवाना वापरता येतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त सेट. घेताना खोक्यावर हे बघा. मिरवणुकीला तेवढे पुरतात.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. तिकडे जीएमआरएस नावाची सोय आहे. परीक्षा नाही, ३५ डॉलर भरले की १० वर्षांचा परवाना आणि त्याच परवान्यावर सगळं कुटुंब बोलतं. सहलीला, शेतावर, दोन गाड्यांमध्ये बोलायला उत्तम. पण त्या सेटच्या लहरी ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या, आणि आपल्याकडे त्यांना सूट नाही. सुट्टीवर येताना जावईबापूंनी हौसेने आणलेली जोडी इथे कपाटातच ठेवा.

सरकार एवढं कडक का, असं तरुण विचारतात. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रजांनी हॅम परवाने रद्द केले. तरी ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झालाच. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. यंत्र उभं करण्यात नरिमन प्रिंटर या हॅमचा हात होता आणि पुढे पोलिसांना माहिती देणाराही तोच. जागा बदलत बदलत तो रेडिओ नोव्हेंबरपर्यंत चालला. त्याची लहर ४२.३४ मीटरची होती. हिशेब केला तर ७.०८ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे आज आम्ही रविवारी सकाळी जिथे कान लावतो तीच जागा. घरातल्या एका यंत्राची ताकद इंग्रजांनी ओळखली होती, पुढच्या सरकारांनीही ओळखली. त्यामुळे पडताळणीला वेळ लागतो याची आम्ही तक्रार करत नाही. थोडी करतो.

परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. अर्ज सरल संचार पोर्टलवर. वय १२ पूर्ण हवं, पदवीची अट नाही. परीक्षेत रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम येतात. दहावीचं विज्ञान पक्कं असेल तर तीन महिन्यांचा अभ्यास पुरे. दोन दर्जे आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. जनरलला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स घ्यायचा आणि द्यायचा असतो. पास झाल्यावर पडताळणी, मग स्वतःची खूण मिळते. आजवर रिस्ट्रिक्टेडवाल्यांची व्हीयू३ ने आणि जनरलवाल्यांची व्हीयू२ ने सुरू होत आली आहे. ती खूण तुमची एकट्याची, जगात दुसऱ्या कोणाची नाही. शुल्क आणि नियम बदलतात, ते अर्जाच्या दिवशी पोर्टलवरच वाचा. सेट आधी आणि परवाना नंतर, हा क्रम कृपया नको.

मोर्सला लोक उगीच भितात. टिंब आणि रेघा कागदावर पाठ करू नका. तबल्याचे बोल जसे कानाने शिकतो तसं शिका. "कोणी आहे का?" अशी हाक मारायला सीक्यू म्हणतात, ते डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. समाजातल्या तबला शिकणाऱ्या एका मुलीने ही अक्षरं आमच्या निम्म्या वेळात उचलली.

परवाना येईपर्यंत ऐका. आमच्या मते खरं शिक्षण तेच. शॉर्टवेव्हचा जुना रेडिओ चालू असेल तर त्यावर आकाशाची सवय करा. पेन ड्राइव्हएवढा एसडीआर डोंगल संगणकाला लावला तर जवळच्या लहरी पडद्यावर दिसतात. तारेचं गणित सोपं आहे. ७ मेगाहर्ट्झला एकूण २० मीटर तांब्याची तार, मधोमध तोडून तिथून केबल खाली. १४५ मेगाहर्ट्झला साधारण ४९ सेंटीमीटरची उभी काडी, सायकलचा स्पोकसुद्धा चालतो. वीज कडाडू लागली की केबल काढून ठेवायची, हे पोरांना आधी शिकवा.

हातातला सेट गावात चार-पाच किलोमीटर जातो. उंची मिळाली की गोष्ट बदलते. देवासची मातेची टेकडी शहरापेक्षा सुमारे ३०० फूट उंच. तिथून सपाट मुलखात क्षितिज ३५-४० किलोमीटरवर पडतं आणि टोंकखुर्द त्या वर्तुळात येतं. पवारांच्या दोन्ही पात्यांनी दर्शनासाठी जपलेली टेकडी आमच्यासारख्यांना या दृष्टीनेही प्रिय आहे.

मुलांसाठी सांगायचं राहिलं. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी "स्वयम्" नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह बनवला. तो २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीने वर गेला आणि हॅम लहरींवर निरोपांची देवाणघेवाण करणं हेच त्याचं काम होतं. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकातून बेंगळुरूशी बोलले तेही हॅम रेडिओवरूनच. स्थानकाचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो. ते डोक्यावरून जाताना आठ-दहा मिनिटं मिळतात आणि साध्या सेटवरही ऐकू येतं.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता समाजाच्या गच्चीवर आम्ही तार बांधणार आहोत. घरात बंद पडलेला ट्रान्झिस्टर असेल तर घेऊन या, दुरुस्तीचं सामान आम्ही आणतो. मुलांबरोबर एकेक मोठं माणूस येऊ द्या. सिंहस्थासाठी नावं तिथेच लिहून घेऊ.