कंसातला खोटा एक

श्रोतेहो, आज एका आकड्याविषयी बोलायचे आहे. आकडा साधाच आहे : एक. तो चौकोनी कंसात बसलेला असतो आणि तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंध आहे. कवीने संगणकाच्या भाषेत कशाला डोके घालावे, असे कुणी म्हणेल. पण प्रश्न मोजणीचा आहे, आणि मात्रा मोजण्यात ज्याची उमर गेली त्याला तो परका वाटत नाही.

अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स ही प्रणाली असते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली. पुण्याच्या सी-डॅकचे 'परम' महासंगणकही लिनक्सवर चालतात. मलकापूरच्या बाजारात भाजीवाल्या मावशी मोबाइलवर पैसे घेतात, तेव्हा त्यांच्याही हातात बहुधा तीच असते. ती बहुतांशी 'सी' भाषेत लिहिलेली आहे. डेनिस रिची यांनी ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घडवली.

'सी'मध्ये माहिती ठेवायची तर ओळीने खण मागावे लागतात. या ओळीला 'ॲरे' म्हणतात. किती खण हवेत ते कंसात लिहायचे. मात्र दिलेल्या खणांपलीकडे लिहू लागलात, तर ही भाषा आपणहून अडवत नाही. शेजारच्या माहितीवर लिहिले जाते. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'किडा' अमेरिकेतल्या हजारो संगणकांत शिरला. त्याची एक वाट हीच होती : ५१२ बाइटच्या जागेत त्याहून अधिक मजकूर ओतायचा.

आता अडचण अशी, की पुष्कळदा लांबी आधी कळतच नाही. 'मलकापूर' हे नाव रोमन लिपीत आठ बाइट घेते, देवनागरीत आजच्या युनिकोडच्या रूढ पद्धतीने एकवीस. भुजंगप्रयाताच्या ओळीत बारा अक्षरे, हे ठरलेले. मुक्तछंदाची ओळ लिहून झाल्यावरच तिची लांबी समजते. जुन्या 'सी'मध्ये अशा मुक्त ओळीसाठी सोय नव्हती. म्हणून प्रोग्रामरांनी युक्ती काढली. माहितीच्या गठ्ठ्याच्या शेवटी कंसात 'एक' लिहायचे आणि प्रत्यक्षात हवी तेवढी जागा घ्यायची. काहींनी 'शून्य' लिहिले. सातबाऱ्यावर एक गुंठा, वहिवाट एकराची!

याचा परिणाम सरळ चालणाऱ्यांनाही भोगावा लागला. 'सी'चा मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर हद्दीवर पहारा ठेवू शकतो. पण गठ्ठ्याच्या शेवटी लिहिलेला आकडा खराच असेल याची खात्री नाही म्हटल्यावर, त्याने शेवटच्या सगळ्याच ॲरेंवरचा पहारा सैल केला. ज्याने आठ लिहिले आणि आठच खण वापरले, त्याचेही दार उघडे राहिले.

भाषेच्या १९९९ च्या प्रमाणित आवृत्तीने रिकामा कंस अधिकृत केला. लांबी ठरलेली नसेल तर कंस मोकळा ठेवा, असे. तरी जुना मजकूर तसाच राहिला. लिनक्समध्ये तो बदलण्याचे काम केस कुक यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या सुरक्षा प्रकल्पातून झाले. त्यात मेक्सिकोचे गुस्तावो सिल्व्हा यांनी वर्षानुवर्षे एकेक फाइल तपासली. नुसता 'एक' खोडून भागत नव्हते. तो खोटा एक धरून दुसरीकडे कुठे तरी 'उणे एक' केलेले असायचे. तेही शोधून काढले नाही, तर जागा एका खणाने कमी पडायची. अखेर ऑगस्ट २०२३ च्या ६.५ या आवृत्तीपासून लिनक्सने कंपायलरला कडक नियम लावला : रिकामा कंस तेवढा मुक्त, बाकी जे लिहिले तेच धरायचे.

पुढचे पाऊलही पडले आहे. मुक्तछंदाच्या ओळीचीही लांबी लिहिल्यानंतर मोजता येतेच. ती लांबी कोणत्या जागी नोंदली आहे, हे आता ॲरेशेजारीच कंपायलरला सांगता येते. २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी कंपायलरच्या पंधराव्या आवृत्तीत ही सोय आहे. म्हणजे मुक्त ओळीवरही पहारा बसला.

श्रोतेहो, या कामाचा गाजावाजा झाला नाही. फोनचा रंग बदलला नाही की वेगही वाढला नाही. पण अशा दुरुस्त्या आपल्यापर्यंत येतात त्या 'अपडेट'मधूनच. फोनने विचारले, की 'नंतर' म्हणून पुढे ढकलू नका. आणि जुना हँडसेट घेताना कॅमेऱ्याइतकीच आणखी एक चौकशी करा : याला कंपनीचे सुरक्षा अपडेट अजून येतात का? येत नसतील, तर दूरदेशीच्या माणसांनी निगुतीने केलेली ही दुरुस्ती त्या फोनपर्यंत पोहोचणार नाही. आणि आपल्या गावातले पैशांचे व्यवहार मात्र त्याच फोनवरून होत राहतील.