विहिरीला विचारून



माझं गाव श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राला लागून. घर जांभ्या दगडाचं, कौलारू. पुढे पडवी, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीत विहीर. अब्बा आणि अम्मी गेल्यावर या घराला कुलूप लागलं. भाऊ आखातात, मी मुंबईत. ईदला जायचं, दोन दिवस झाडलोट करायची आणि पुन्हा कुलूप लावून निघायचं, असं बरीच वर्षं चाललं.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर येऊन धडकलं. कौलं उडाली, वासे उघडे पडले, वाडीतल्या बहुतेक पोफळी मोडल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. तोवर घराच्या दुरुस्तीला पैसा आणायचा कुठून? भाऊ फोनवर म्हणाला, "घर पर्यटकांना दे. आपला खर्च घरच भागवील." पर्यटन विभागाची न्याहारी-निवास योजना होती, आसपासच्या गावांत अशी घरं चालतही होती. आम्ही कर्ज काढलं, छप्पर घातलं आणि 2021 च्या दिवाळीत दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या.

हा धंदा बाहेरून सोपा वाटतो. घर आहे, समुद्र आहे, माणसं येणारच! पण चादरी कधी वाळणार, वीज गेली तर काय, पाहुण्यांच्या ओळखपत्रांची नोंद झाली का, हे सगळं रोज बघावं लागतं. गावातला एक तरुण घर सांभाळतो. मी मुंबईतून फोनवर आरक्षण घेतो. माझं नाव ऐकल्यावर काही जण जरा थांबतात आणि विचारतात, "शाकाहारी जेवण मिळेल ना?" मिळतं. ते शेजारच्या काकींच्या स्वयंपाकघरातून येतं. आमटी-भात, सोलकढी, सांगितलं तर उकडीचे मोदक. ज्यांना मासे हवेत, त्यांना त्या तरुणाची आई करून घालते. वादळात काकींचीही वाडी गेली होती. त्यामुळे या ताटांचा त्यांना आधार झाला.

पाहुणे वाढले. 2022 मध्ये मी आणखी दोन खोल्या काढल्या, प्रत्येक खोलीला शॉवर दिला, गच्चीवर मोठी टाकी बसवली आणि विहिरीवर जास्त ताकदीची मोटार. उन्हाळ्यात मुलाचा फोन यायचा, "पाणी खाली गेलंय." मी सांगायचो, "मोटार थोडी थांबून लाव." मी कवी माणूस. पाण्यावर कविता बऱ्याच लिहिल्या, पण पाणी कधी मोजलं नव्हतं.

मे 2023 मध्ये मी गावी गेलो. काकींच्या पडवीत बसलो. त्यांनी चहा पुढे केला. एक घोट घेतला आणि थबकलो. चहा खारट होता. काकी माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "साखर विसरले नाही हो मी. आता हेच पाणी आहे. जेवणाचं पाणी देवळाजवळच्या नळावरून आणते, पण बागेला कुठलं आणू? नवी रोपं करपायला लागली आहेत."

त्यांची विहीर माझ्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. घरी येऊन मी आमचं पाणी चाखलं. तेही मचूळ झालं होतं.

या गोष्टीमागचं शास्त्र साधं आहे. किनाऱ्यावरच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण गोडं पाणी हलकं आणि खारं जड. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल, तर त्याच्या वजनाने खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत खारं पाणी दाबलेलं राहतं. याचाच अर्थ, वरचं एक फूट उपसलं की खालचं खारं पाणी कितीतरी पटींनी वर चढू लागतं. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण तो चार महिन्यांत पडून समुद्राला मिळतो. मे महिन्यात विहिरीत उरतं ते शिलकीतलं पाणी.

आमच्या आजोबांच्या वेळी या विहिरीवर रहाट होता. बैल दमला की पाणी थांबायचं, आणि तेवढ्यात विहीर पुन्हा भरायची. मोटार दमत नाही. अब्बा तोटीच्या एका लोट्यात वुजू करत. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी वाया घालवू नका, ही शिकवण त्यांनी आम्हाला लहानपणी दिली होती. मी ती लोकांना सांगितली, घराला मात्र लावली नाही.

त्या रात्री कागद घेऊन बसलो. खेड्यात घरोघरी नळाने पाणी देण्याच्या सरकारी योजनेत माणशी रोजचे 55 लिटर धरतात. शहराचा हिशेब 135 लिटरचा. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर चार-पाच बादल्या जातात. माझ्याकडे मे महिन्यात सोळा-सोळा माणसं राहत होती. शहराच्या हिशेबाने रोज दोन हजार लिटरहून जास्त पाणी, शिवाय चादरी धुणं वेगळं. खोल्या किती काढायच्या हे मी कर्जाच्या हप्त्याला विचारून ठरवलं होतं. विहिरीला विचारलंच नव्हतं.

सकाळी काकींना म्हटलं, "माणसं निम्मी करतो. पण तुमची ताटंही निम्मी होतील." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ताटं कमी झाली तर कमी जेवू. बाग मेली तर काय करू?"

तेव्हापासून घरात एका वेळी आठच माणसं. शॉवर काढून टाकले. बादली आणि तांब्या ठेवला. चादरी तालुक्याच्या गावी धुवायला जातात. मोटार पुन्हा लहान बसवली, ती सकाळी आणि संध्याकाळी थोडा वेळच चालते. छपराच्या पागोळ्यांचं पाणी गोळा करून, खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून विहिरीजवळ जिरवतो. आणि मेच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत घर बंद. कमाईचे तेच खरे दिवस, हे मला कळतं. भाऊ रागावला. कर्जाची मुदत वाढली. संकेतस्थळावर एका पाहुण्याने 'शॉवरसुद्धा नाही' असं लिहून दोन तारे कापले. मी त्याला उत्तर लिहिलं, "आपण बरोबर आहात. शॉवर नाही. विहीर आहे, येऊन बघावी."

गोडं पाणी लगेच परत आलं नाही. पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला. मग एकदा गेलो तेव्हा काकींनी काही न बोलता चहा दिला. मी घोट घेतला. त्या म्हणाल्या, "आज साखर विसरले." चहा अगोड होता, पण खारट नव्हता. आम्ही दोघेही हसलो.

श्रोतेहो, आज किनाऱ्यावर घरोघरी पाट्या लागत आहेत, आणि लागाव्यात. मुंबईला गेलेल्या माणसांची बंद घरं त्यामुळे उघडतात, दिवे लागतात. पण घर आपल्या नावावर असलं तरी त्याच्याखालचं पाणी आपल्या कुंपणात थांबत नाही. खोली वाढवण्याआधी मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी आपल्या विहिरीत वाकून बघा. आणि शेजारी जाऊन एक कप चहा प्या.