घरातला छळ आणि कायद्याचे संरक्षण

म्हाताऱ्या आईवर हात उगारणे, वडिलांची पेन्शन परस्पर काढून घेणे, दिव्यांग भावाला खोलीत कोंडून ठेवणे, औषधपाणी तोडणे, घर नावावर करून द्यावे म्हणून धमकावणे, या सगळ्यांची दखल भारतीय कायदा घेतो. असे वागणारा पोटचा मुलगा असला म्हणून तो घरगुती मामला ठरत नाही. मात्र ज्याचा छळ होतो त्याचे जेवण, औषध आणि निवारा बहुधा छळणाऱ्याच्याच हाती असतो. त्यामुळे तक्रार ओठांवर येऊनही मागे फिरते. ही अडचण ओळखूनच अनेक कायद्यांनी पीडितासाठी दुसऱ्या कोणालाही दाद मागण्याची मुभा दिली आहे.

जिवाला धोका असेल तर पहिली वाट पोलिसांची. 112 हा क्रमांक त्यासाठीच आहे. मारहाण, कोंडून ठेवणे आणि धमकी हे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत. दुखापत झाली असल्यास सरकारी रुग्णालयात तिची नोंद करून घेतलेली बरी. पुढे तोच पुरावा उपयोगी पडतो.

ज्येष्ठांसाठी मुख्य आधार आहे तो आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठी 2007 मध्ये झालेल्या कायद्याचा. 60 वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती आणि कोणत्याही वयाचे आई-वडील त्याखाली अर्ज करू शकतात. दत्तक घेणारे आणि सावत्र आई-वडीलही त्यात येतात. मूल नसलेल्या ज्येष्ठाला, त्याच्या मालमत्तेचा जो वारस होणार किंवा ज्याच्या ताब्यात ती आहे, अशा नातेवाइकाकडून निर्वाहखर्च मागता येतो. हा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. अर्जदार स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते, आणि न्यायाधिकरण आपणहूनही प्रकरण हाती घेऊ शकते. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. अपवाद म्हणून आणखी 30 दिवस मिळतात. निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडले, तर 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

याच कायद्याचे कलम 23 मालमत्तेविषयी आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा जमीन दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितले. म्हणून बक्षीसपत्रातच ती स्पष्ट लिहून घेणे शहाणपणाचे. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द ठरवले आणि न्यायाधिकरण मालमत्तेचा ताबाही परत देववू शकते, हे स्पष्ट केले. मात्र सुनेला राहत्या घरातून हुसकावण्यासाठी या कायद्याचा आडमार्ग म्हणून वापर करता येत नाही, हेही 2020 च्या निकालात नमूद आहे.

पीडित व्यक्ती स्त्री असेल तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही तिच्या पाठीशी आहे. तो केवळ पत्नीपुरता नाही. एकाच घरात नात्याने राहणारी आई, बहीण, विधवा काकू यांनाही तो लागू होतो. छळ होत असल्याची शंका आलेली शेजारीणही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दावा होत नाही. दंडाधिकारी छळणाऱ्याला हिंसेपासून मनाई करतात, पीडितेचे घरात राहणे सुरक्षित करतात. संरक्षणाचा आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दिव्यांग प्रौढांसाठी 2016 चा कायदा आहे. छळाची खबर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना द्यावी. त्यांनी तातडीने तो थांबवावा, सुटका करावी, आणि पीडिताची इच्छा असेल तरच त्याला सुरक्षित ठिकाणी हलवावे, असे कलम 7 सांगते. ताब्यातल्या दिव्यांगाला जाणूनबुजून अन्नपाणी न देणाऱ्यास किमान 6 महिने आणि कमाल 5 वर्षे कैद आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या व्यक्तीचा पालकच गैरवागणूक देत असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील जिल्हास्तरीय समितीकडून त्याला दूर करता येते. मानसिक आजार असलेल्या माणसाची घरात हेळसांड होत असल्याचे लक्षात आल्यास पोलिस ठाण्याच्या प्रमुखाने दंडाधिकाऱ्यांना कळवलेच पाहिजे, असे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा बजावतो.

या सर्व वाटांवर पैशांअभावी अडून राहण्याचे कारण नाही. स्त्रिया आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. मदतीला येणाऱ्याने एक पथ्य मात्र पाळावे: वयाने थकलेला किंवा दिव्यांग माणूसही आपल्या आयुष्याचा धनी असतो. कोणती वाट धरायची, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्याचाच आहे.