दात काढल्यानंतर



दात काढला की दुखणे संपले, असे आपण समजतो. वास्तविक जबड्यातले काम त्याच क्षणी सुरू होते. ते कसे चालते आणि आपण त्यात मोडता कसा घालतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

दात निघताच हाडातली खोबण रक्ताने भरते व रक्त गोठते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे. ती उघड्या हाडावरचे झाकण आहे. आठवड्याभरात तिच्या जागी तांबूस, कोवळे मांस धरू लागते. हिरडी कडेने सरकत येते आणि साधारण ३ ते ५ आठवड्यांत तोंड मिटवते. वरून सारे बरे दिसते. पण खाली कच्चे, जाळीदार हाड भरत असते. त्याला काही महिने लागतात. शिवाय जबड्याची ती कड झिजते; वर्षभरात तिची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. म्हणून घाईने बसवलेली कवळी पुढे ढिली होते.

गुठळी निसटली तर हाड उघडे पडते आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. हे मी वाचण्याआधी भोगले. सकाळी दाढ काढली, खळखळून चुळा भरल्या, संध्याकाळी गेटसभेत बोललो आणि वर विडी ओढली. तिसरी रात्र गाल धरून काढली. दोष माझाच होता.

निपाणीची तंबाखू आपल्याला जवळची. दुखऱ्या हिरडीला पुष्कळ बायाबापड्या मिसरी लावतात. ते औषध नव्हे. तंबाखूने जखम भरणे लांबते. पहिले २४ तास जोराची चूळ नको, फार गरम चहा नको. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलके तोंड धुवावे. मधुमेह असल्यास दात काढण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. दिवसागणिक ठणका वाढला किंवा ताप आला, तर दवाखाना गाठावा.

परंतु बिद्रीच्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बाईने हे पथ्य पाळावे कसे? खाडा पडला की मजुरी बुडते. म्हणून एका दिवसाच्या भरपगारी रजेची मागणी कोणी केली, तर तिला आळस म्हणू नका. त्या दिवशीही तिच्या जबड्यात काम चालूच असते.

इतके बोलून मीही आपली रजा घेतो.